चौतीसची कंबर

हे मी हौसेने लिहीत नाही. शेजारचा इस्त्रीवाला ही हकिकत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला आहे आणि दर खेपेला त्याच्या तोंडी माझी पँट आणखी खाली जाते. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच एकदा खरं काय ते लिहून टाका." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. चुका सापडल्या तर गप्प बसा. तुमची बेंगरूळ अंगं मापताना मीही गप्पच बसतो.

मी शिंपी आहे. पन्नास वर्षं पायाच्या मशीनवर बसतो. गेल्या वर्षापासून उजवा गुडघा उठताना असा वाजू लागला की गिऱ्हाईक मशीनकडे बघायचं. एकदा मुलगा दुकानात आला होता (तो ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसतो आणि घरी येऊन दमलो म्हणतो). त्याच्यासमोर मी टेबल धरून उठलो, मग भिंत धरली, मग त्याचा खांदा.

"पुरे झालं बाबा. दुकान बंद करू."

"मी मेलो की कर."

"मग आधी गुडघे दाखवायला चला."

दुकान बंद म्हणजे मरेपर्यंत घरात, बायकोच्या नजरेसमोर. मी येतो म्हणालो. तिथेच चुकलो.

गुडघ्यांचे व्यायाम सांगणारी जी बाई होती, तिचं वय माझ्या कात्रीपेक्षा कमी. तिने मला काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी. मग हात न लावता खुर्चीतून उठायला लावलं. अर्ध्या मिनिटात तीनदा उठलो. (तिसऱ्यांदा अर्धाच.)

"आजोबा, वजन उतरवा. एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचं चार किलोंचं ओझं कमी होतं."

चौथी शिकलो असलो तरी एकाचे चार करून देणारी माणसं मला ओळखू येतात. पण मुलाने तिथल्या तिथे निकाल लावला. सहा आठवड्यांत तीन किलो उतरवायचे, नाहीतर दुकानाला कुलूप.

बाईने कागद लिहून दिला. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि पाच मोजेपर्यंत ती दाबायची. (टॉवेलने माझं काय घोडं मारलं होतं?) पडून एकेक पाय सरळ वर उचलायचा. रोज अर्धा तास चालायचं. कुठे? तर कुठेच नाही. नुसतं जायचं आणि परत यायचं. खायचं काय, तर अर्धं ताट भाजी, उकडलेलं अंडं, मोड आलेली कडधान्यं. साखर बंद, तळलेलं बंद, बिस्किटं बंद. मोड आले की धान्य वाया गेलं, असं मी सत्तर वर्षं समजत होतो. आता तेच औषध झालं.

वजनाचा काटा आमच्या घरी नाही आणि मला तो नकोच होता. पायाखालच्या त्या डबीला माणसातलं काय कळतं? माप सांगावं ते कापडाने. माझी कंबर चौतीस. लग्नात चौतीस होती, आजही चौतीस. (हजारो कमरांना टेप लावला, स्वतःच्या कमरेला लावायची वेळच आली नाही. चौतीस माहीत असताना मोजायचं कशाला?)

दुसऱ्या आठवड्यात पँट सैल झाली.

"हे बघ," मी बायकोला म्हणालो, "दोन बोटं जातात."

"हो का," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. या बाईला कौतुक म्हणून कधी करता आलं नाही.

मला मात्र जोर चढला. सकाळी उठलो की टॉवेल मागायचो. पाय दहादा उचलायला सांगितला तर पंधरादा उचलायचो. आणि कंबर एवढी उतरतेय म्हटल्यावर चहाबरोबर दोन बिस्किटांनी काय बिघडतंय, म्हणून दुकानात बटणांच्या डब्यामागे एक पुडा ठेवला. चौथ्या आठवड्यात पँटमध्ये चार बोटं जायला लागली, मी बिस्किटं चार केली. सहाव्यात अख्खी मूठ गेली. हिशोब तुम्हीच करा. पट्टा मी लावला नाही. हरलेला माणूस पट्टा लावतो. जिंकलेला माणूस पँट हाताने धरून चालतो.

ठरलेल्या दिवशी मी, मुलगा आणि बायको त्या बाईकडे गेलो. बाहेर बाकावर इस्त्रीवाला पाठ धरून बसला होता आणि दार उघडं होतं, एवढं मी कबूल करतो.

"चला आजोबा, काट्यावर," बाई म्हणाली.

"काट्याचं काय काम? हे बघा," असं म्हणून मी पँट सोडली.

ती घोट्यापर्यंत गेली. रस्त्यापर्यंत नाही. आणि खरं सांगतो, घटकाभर मला अभिमानच वाटला.

तसाच काट्यावर चढलो. शहाऐंशी.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो.

बाई स्वतः चढली, मग मुलाला चढवलं. काटा बिघडला नव्हता. मी पुन्हा चढलो, आकडा बघायला खाली वाकलो आणि घोट्याशी पडलेल्या पँटची आतली बाजू दिसली. शिंपी शिलाईच्या आत थोडं जादा कापड राखून ठेवतो, त्याला माया म्हणतात. माणूस सुटला की ती उसवून पँट वाढवायची. मी स्वतः तीन इंच माया ठेवली होती. तिथे आता सुतभरही उरली नव्हती. शिवाय मागे मधोमध तिकोनी जोड होता आणि त्याचं कापड आमच्या खिडकीच्या पडद्याचं होतं. (मी शर्ट बाहेर सोडतो. मागचं मला दिसणार कसं?)

"हे कोणी केलं?"

"मी," बायको म्हणाली. "या बाईंनीच कागदावर लिहिलं होतं, व्यायामाला कपडे सैल हवेत. पाय उचलताना तुम्ही कण्हत होतात ते गुडघ्याने नाही, पँटने."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही आपणहून टॉवेल मागायला लागलात. म्हटलं, अर्धा इंच आणखी सोडावी."

"आई, मग बाबांची चौतीसची कंबर?"

"ती तू रांगत होतास तेव्हाची. पुढे दरवर्षी कपाट आवरताना मी सोडतच आले. रोज रात्री पँट दांडीवर टाकून झोपतात, मला किती वेळ लागतो?"

बाईने माझ्याच गळ्यातला टेप काढून माझ्या कमरेला लावला. एक्केचाळीस. टेपला खोटं म्हणायची सोय नव्हती.

"ठरलं होतं, बाबा," मुलगा हळू आवाजात म्हणाला.

मी पँट वर ओढली आणि खुर्चीत बसलो. पन्नास वर्षांचं मशीन डोळ्यांपुढे आलं. मग तिडीक आली आणि उठून म्हणालो, "लाव कुलूप. किल्लीही तूच ठेव."

"आजोबा," बाई म्हणाली, "आत्ता कशाला धरून उठलात?"

मी खाली बघितलं. दोन्ही हातांत पँट होती.

"परत बसा. उठा."

तिने घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात मी अकरा वेळा उठलो.

"दुखतंय?"

"दुखतंय," मी म्हणालो. दुखत होतं, पण भिंत धरावी एवढं नाही.

ती मुलाकडे वळली. "पायांत ताकद आली आहे. दुकान बंद करून यांना घरी बसवलंत तर ती जाईल. दर अर्ध्या तासाने मशीनवरून उठायचं, व्यायाम चालू ठेवायचे. वजनाचं मात्र—"

"बटणांच्या डब्यामागचा पुडा मी आज काढते," बायको म्हणाली. मी तिला त्या पुड्याबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो.

दुकान राहिलं. मुलगा कुलपाबद्दल चुकलो म्हणाला. बाईनेही मला आजोबा म्हणणं सोडलं, आता काका म्हणते. पण आम्ही निघताना तिने तो जोड बोटांनी चाचपून, "किती सफाईदार हात आहे," असं बायकोचं कौतुक केलं, ते इस्त्रीवाल्याने ऐकलं. तेव्हापासून बायकोही दुकानात मागे बसते; गिऱ्हाईक येतं, मला ओलांडून आत डोकावतं आणि विचारतं, "काकू आहेत का? पँट जरा सोडून घ्यायची होती." मी अर्ध्या तासाने उठतोच, तेवढ्यात तिला हाक मारतो.

निदान पडदा कापताना मला विचारायचं, जुळणारं कापड मी दिलं असतं. ती म्हणते, विचारलं असतं तर आधी तुमचं माप सांगावं लागलं असतं. याला काही माफी मागणं म्हणत नाहीत. तेव्हा लिहून ठेवतो: माझी माफी अजून मागायची राहिली आहे ती माझ्या बायकोने.