रजनीच्या नावे घर

गेल्या महिन्यात मी आपलं मृत्युपत्र बदलायचं ठरवलं. घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. चौतीस वर्षं बँकेत काढली आणि काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला "भैया, वाचल्याशिवाय सही करायची नाही" असं इतक्या वेळा सांगितलं, की उज्जैनात अजून लोक मला तेवढ्यावरून ओळखतात. घरचे कागद मात्र कधी उघडून बघितले नाहीत. (हलवाई स्वतःची मिठाई खात नाही, तसंच काहीसं.)

निमित्त झालं ते माझ्या मावसभावाचं, विक्रांतचं. दिवाळीआधी तो अचानक गेला. त्याच्या मृत्युपत्रात कधीच विकून टाकलेलं जुनं घर होतं, नवं नव्हतं. वारलेला भाऊ होता, नातवंडं नव्हती. बिचारी अहल्यावहिनी तेव्हापासून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरते आहे. परवा देवास गेटला दिसली, बसची वाट बघत, छातीशी फाइल धरून. उद्या मी गेलो आणि आमच्या हिला असं फिरावं लागलं तर?

घरी येऊन कपाटातून माझं मृत्युपत्र काढलं. सन एकोणीसशे शहाण्णव. अर्णव झाला तेव्हा मोठ्या उत्साहात केलं होतं. ते घेऊन टावर चौकातल्या शैलेंद्र वकिलांकडे गेलो. चष्मा नाकावर ओढून ते वाचायला लागले. पहिल्याच पानावर अर्णव नाबालिग होता. (आता त्याला एक मुलगी आहे आणि डोक्यावरचे केस निरोप घेताहेत.) त्याचा सांभाळ करायला नेमलेले माझे वडील, आमचे अण्णा, जाऊन बारा वर्षं झाली. धाकट्या मृण्मयीचा तर पत्ताच नव्हता, कारण ती तेव्हा जन्मलीच नव्हती. आणि गेल्या वर्षी तिचं लग्नही झालं. तीस वर्षांत माझं सगळं खानदान बदललं होतं, कागद तेवढा होता तिथेच बसून होता.

"कोई बात नहीं, माधवजी, नया बना देंगे," वकील म्हणाले. मग बायकोचं आधार कार्ड हातात घेऊन थांबले. एकदा कार्ड बघितलं, एकदा मृत्युपत्र, एकदा मला. आवाज खाली आणून म्हणाले, "आपने सारी संपत्ति रजनीजी को दी है। ये रजनीजी कौन हैं?"

मी म्हटलं, बायको.

"और ये विनोदिनीजी?"

मी म्हटलं, तीही बायको.

कोपऱ्यात टायपिंग करणारे मुन्शी थांबले. माझ्यासारख्या माणसाकडे इतक्या आदराने यापूर्वी कोणी पाहिलेलं मला आठवत नाही. मी घाईघाईने समजावलं, की आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन नाव लिहितात. आमच्या आईला रजनी आवडलं, म्हणून रजनी. सासरी सगळे तेच म्हणतात. मी स्वतः "अगं" म्हणतो, त्यामुळे मला कधी प्रश्नच पडला नाही. वकिलांनी शांतपणे विचारलं, तांदळाशिवाय आणखी कशावर लिहिलंय का हे नाव? शाळेतली नोकरी, पॅन कार्ड, बँक, सगळीकडे विनोदिनीच होती. म्हणजे तीस वर्षं मी निर्धास्त झोपत होतो आणि माझं सर्वस्व कागदावर नसलेल्या एका बाईला देऊन बसलो होतो. (नॉमिनीतही तेच नाव आहे, पण ते आत्ता नको.)

स्कूटर कशी चालवली मला ठाऊक नाही. घरी ही मटार सोलत बसली होती. मी सगळं कबूल करून टाकलं. विक्रांत, अहल्यावहिनी, रजनी, सगळं. म्हटलं, माझ्या मूर्खपणामुळे तू बेघर झाली असतीस गं.

हिने एक शेंग सोलून संपवली. "कुठलं घर ठेवलंत त्या रजनीला?"

"हेच. ऋषीनगरचं."

"अहो, हे घर माझं आहे. बाईच्या नावाने रजिस्ट्री केली की खर्चात सवलत मिळते, म्हणून तुम्हीच माझ्या नावाने केलीत."

म्हणजे तिचंच घर मी नसलेल्या बाईला दिलं होतं!

मग ती आतून निळी फाइल घेऊन आली. काय सांगू तुम्हाला, गणिताच्या मास्तरीणबाईंची फाइल ती. विनोदिनी आणि रजनी एकच, असं शपथपत्र होतं. तिचं स्वतःचं मृत्युपत्र होतं, आणि तेही पाचवं. अण्णा गेले तेव्हा बदललेलं, अर्णवच्या लग्नानंतर बदललेलं, नात झाल्यावर बदललेलं. प्रत्येक जुन्या प्रतीवर लाल पेनाने काट मारून तारीख घातली होती. मी पानं उलटत गेलो आणि माझे हात आपोआप जोडले जायला लागले. आमच्या घरात जे जे घडलं, त्यात मी फक्त जेवलो होतो. हिने ते लिहून ठेवलं होतं. इतकी वर्षं मी कोणाच्या भरवशावर घोरत होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मृण्मयीच्या लग्नानंतर केलेल्या शेवटच्या प्रतीत मी माझं नाव शोधलं. सापडलं. 'माझ्या पश्चात माझे पती माधव यांना या घरात हयातभर राहण्याचा पूर्ण हक्क राहील, आणि त्यांना कोणीही एकटं वाटू देऊ नये.' डोळे भरून आले, म्हणून पुढची ओळ दोनदा वाचावी लागली. 'मात्र घराचा कोणताही कागद त्यांच्या हाती देऊ नये.'

मी जरा दुखावून म्हटलं, निदान मला विचारायचं तरी होतंस.

तिने माझ्या हातातून फाइल काढून घेतली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. साक्षीदार क्रमांक एक, खाली माझीच सही, बँकेतली, झोकदार.

"मॅच बघत होतात," ती म्हणाली. "कुठे करू, एवढंच विचारलंत."