मागच्या खोलीतला ऑर्किड

या वर्षी ऑर्किड फुलवणारच, असं वहिनींनी चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्या तिथे डोळे तपासायच्या. समोरचा माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला धडपडत असला, तरी त्याला ऑर्किडच्या मऊ, रसाळ कांड्यांबद्दल ऐकावंच लागे. मालकांनी तर वर्धापनदिनाला काउंटरवर वहिनींचीच कुंडी ठेवायची ठरवून फुलवाल्याला नको म्हणून कळवलं होतं.

गेली तीन वर्षं फूल नव्हतं. कारण एकच: घरातल्यांची दया. या जातीला थंडीचे दोन महिने कोरडं आणि गारठ्यात ठेवावं लागतं. पानं गळतात, कांड्या सुरकुततात, आणि मग त्याच बोडक्या कांड्यांवर फुलं येतात. मध्येच पाणी मिळालं, की कळ्यांच्या जागी पिल्लं फुटतात, म्हणजे मुळांसकट नवी रोपटी. दर वर्षी नवऱ्याला रोप बिचारं वाटायचं आणि दर वर्षी पिल्लं व्हायची.

म्हणून यंदा वहिनींनी कुंडी मागच्या थंड खोलीत हलवली आणि दारावर ठसठशीत अक्षरांत कागद चिकटवला:

‘कितीही सुकलेला दिसला तरी पाण्याचा थेंब देऊ नये. खाणं पूर्ण बंद. खिडकी उघडी ठेवावी, गारठा लागलाच पाहिजे. मेला असं समजून कोणी परस्पर बाहेर काढू नये.’

पंधरा दिवसांनी सासरे पाय मोडून घेऊन आले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. प्लास्टर घातलेल्या पायाने जिना चढवेना, म्हणून त्यांची सोय मागच्याच खोलीत झाली. खिडकीचं विचारलं, तर म्हणाले, “राहू दे, मला चालतं.” कागद दारावरच राहिला. रोज दिसणारी गोष्ट कोण वाचतं?

महिन्याभराने वाचणारं माणूस आलं. वहिनींची नणंद, वन्सं, भर दुपारी न कळवता वडिलांना बघायला आल्या. नवऱ्याने दार उघडलं, “आप्पा मागच्या खोलीत आहेत” म्हणाला आणि कामाच्या फोनवर बोलत गच्चीत गेला. वन्संनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. आत आप्पा कानटोपी आणि दोन स्वेटर घालून, खिडकीतल्या बोडक्या कांड्यांकडे बघत बसले होते. त्यांना थोडं कमी ऐकू यायचं.

“आप्पा, काय चाललंय हे इथं?”

“काय चालणार? वाळतोय,” आप्पा खिडकीकडे बघत म्हणाले.

“पाणीसुद्धा नाही?”

“थेंब नाही. सूनबाईंची शिस्त कडक आहे.”

“आणि दादा काही बोलत नाही?”

“तो काय बोलणार? आधी चोरून द्यायचा. आता तोही घाबरतो.”

वन्सं तडक फोनला लागल्या. पहिला फोन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना, दुसरा मोठ्या काकांना, तिसरा थेट चष्म्याच्या दुकानात. “घरी या,” एवढंच त्या वहिनींना म्हणाल्या. “सगळे बसलेत.”

वहिनी धापा टाकत पोचल्या, तेव्हा डॉक्टर आप्पांची नाडी धरून बसले होते. काका कागदाचा फोटो काढत होते. नवरा गच्चीतून नुकताच खाली येऊन काय झालंय ते विचारत होता आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हतं.

“नाडी उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “वजनही वाढलेलं दिसतंय.”

“सूज असेल ती!” वन्सं म्हणाल्या.

“अहो वन्सं,” वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, “तो कागद झाडासाठी आहे. आप्पा दोन्ही वेळा पोटभर जेवतात. आज सकाळी चार धिरडी खाल्ली त्यांनी.”

“पाच,” आप्पा म्हणाले. आता मात्र त्यांना नीट ऐकू आलं होतं.

काकांनी फोन खिशात टाकला. डॉक्टर हसले. वन्सं हसल्या नाहीत. झाडासाठी कोणी असलं लिहितं का, असं त्यांचं म्हणणं होतं. मग वहिनींनाही चेव आला. त्यांनी कुंडी उचलून डॉक्टरांच्या नाकासमोर धरली. “बघा. उपाशी ठेवल्याने काय होतं ते बघा. प्रत्येक पेराला कळी धरलीय.”

डॉक्टरांनी चष्मा पुसून पाहिलं. “वहिनी, कळीला मुळं असतात का?”

वहिनींनी कुंडी फिरवली. एक, दोन, आठ. आठही ठिकाणी इवली पानं, आणि त्याखाली पांढऱ्या मुळांच्या मिशा. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या वहिनींनी पंधरा दिवस ते फुगवटे कळ्या म्हणून दुकानात मिरवले होते.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

“मी नाही,” नवरा म्हणाला. “या वर्षी खरंच नाही.”

मग आप्पांनी कानटोपी काढली.

“सकाळच्या गोळीनंतर अर्धा ग्लास उरायचा,” ते म्हणाले. “एकाच खोलीत राहायचं, मी प्यायचं आणि त्याने बघायचं, हे मला जमेना.”

“बरोबर केलंत, आप्पा,” वन्सं म्हणाल्या. डॉक्टरांनी एक पिल्लू मिळेल का म्हणून हळूच विचारलं.

वहिनींच्या ओठांवर बरंच काही आलं होतं, पण ते सासऱ्यांना बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी कागद टरकावला, कुंडी ठेवली आणि जाऊन खिडकी धाडकन लावली.

“असू दे की उघडी,” आप्पा म्हणाले. “आम्हा दोघांना सवय झालीय.”