अंजनीचा दिवा आणि माझी खुर्ची

१९९१ साली मी भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत होतो, "माझी खुर्ची एकदा बाहेर पडू दे. आठ दिवसांत उल्हासनगरच्या बाजारात तिच्या शंभर नकला लागल्या नाहीत, तर नाव बदलीन!"

यात बढाई काही नव्हती. आमच्या भागात वस्तूची खरी परीक्षा तीच. उल्हासनगरात नक्कल झाली की वस्तू पास. कॉलेजचे परीक्षक मग नंतर आले तरी चालतात.

मी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात डिझाइन क्राफ्टच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होतो. म्हणजे लाकूड, पत्रा, माती, बांबू असलं काहीतरी हाताने घडवायचं आणि ते आजच्या घरात शोभलं पाहिजे. हे घरी समजावून सांगण्यात तीन वर्षं गेली. आमचे बाबा, शंकरराव, गावात विचारणाऱ्याला सांगायचे, "पोरगा सुतारकी शिकतो, पन इंग्लिशमधी." त्यांनी मला शेवटचं बजावलं होतं. वर्गात पहिला आलास तर ठीक, नाहीतर अंबरनाथच्या कंपनीत स्टोअरमध्ये तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. पहिल्या येणाऱ्याला मुंबईतल्या एका बड्या इंटिरियरवाल्याकडे नोकरी मिळायची. तेव्हा पहिला नंबर मला हवाच होता, आणि तो मिळालाही असता. मध्ये अंजनी तडमडली.

अंजनी आमच्या वर्गातली, अंबरनाथ पश्चिमेची. शांत, चष्मेवाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी बदलापूरजवळच्या जांभूळचा, पण कॉलेजात सांगताना "अंबरनाथ साइडला" एवढंच सांगायचो. एकदा माझी जर्नल द्यायला ती पत्ता शोधत थेट आमच्या घरी आली. मी नव्हतो. सखूआत्या होती. ही माझी विधवा आत्या, आमच्याकडेच राहायची, घरातली सगळी शेती तिच्या शब्दावर चालायची. अंजनीने ओटीवर खुंटीला टांगलेलं इरलं बघितलं आणि जर्नल द्यायचीच विसरली.

इरलं म्हणजे लावणीच्या वेळी वाकलेल्या पाठीवर घेतात ते. बांबूच्या कामट्यांचा होडीसारखा सांगाडा, वर पळसाच्या पानांचे थर. मी जन्मल्यापासून ते त्याच खुंटीवर होतं. मला ते कधी दिसलंच नव्हतं!

मग काय, दर रविवारी अंजनी आमच्याकडे. आत्याने तिला कामट्या काढायला शिकवलं, पानं कशी शिवायची ते शिकवलं. दोन महिन्यांनी तिने छोट्या इरल्याचा टांगायचा दिवा केला. पहिला प्रयत्न आत्याला भेट दिला, दुसरा कॉलेजात नेला. आमच्या सबनीस सरांनी बल्ब लावला. पानांच्या शिरांमधून असा काही उजेड पाझरला की सर पाच मिनिटं बोलले नाहीत. सर पाच मिनिटं गप्प बसल्याचं आमच्या बॅचने पहिल्यांदाच पाहिलं.

"समकालीन," ते शेवटी म्हणाले. "याला म्हणतात समकालीन. वस्तू आजची, पण मूळ जमिनीत."

मग ते माझ्या खुर्चीकडे वळले. माझी खुर्ची म्हणजे चकचकीत पाइप आणि वर पारदर्शक ॲक्रिलिकची बैठक. एकदम फॉरेन. सर बसले आणि हळूहळू पुढे सरकत जमिनीवर आले.

"घसरते," एवढंच म्हणाले आणि पँट झटकली.

त्या दिवशी मी घरी आलो तो धुमसतच. इरलं आमचं. आत्या माझी. पानं आमच्या बांधावरची. आणि समकालीन ती? वर आत्या मलाच ऐकवते, "हरी, पोर लय गुनाची रं. तू का नय असा कायतरी करत? तुज्या खुर्चीवर तं कोंबरी पन बसंना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी ओटीवर जेवायलाही बसलो नाही. तो दिवा तिथेच डोक्यावर लटकत होता.

आणि मग मला ती कल्पना सुचली. हा दिवा जर आधीपासूनच बाजारात मिळत असेल, तर? तर अंजनीचं समकालीनत्व गेलं बाराच्या भावात. आणि बाजारात नसलेली वस्तू बाजारात आणायला आमच्याइथे कितीसा वेळ लागतो?

"आत्या, दिव्याची वायर जरा कच्ची वाटते," मी म्हणालो. "बदलून आणतो."

"बग, बहिनीसारकी काळजी घेतो पोरीची," आत्या बाबांना म्हणाली. मी दिवा पिशवीत घातला आणि उल्हासनगर गाठलं.

तिथे लीलारामशेठ या सिंधी व्यापाऱ्याचं दिव्यांचं दुकान होतं. झुंबरं, टेबललॅम्प, देवघरातल्या फिरत्या माळा. शेठने दिवा उलटासुलटा केला, पानांचा वास घेतला.

"साईं, चीज़ तो अच्छी है."

"शेठ, ऐसे दोच बनाओ आणि दुकानात टांगून ठेवा," मी म्हणालो. "कोई पूछेगा तो बोलना, दो साल से आता है, दिल्ली से."

"दिल्ली से?"

"दिल्ली से. और मेरा नाम नहीं लेना."

शेठने माझ्याकडे बघून मान डोलावली. "समझ गया. सॅम्पल छोड़ के जाओ."

बस. इथेच माझं चुकलं. उल्हासनगरात एखाद्या माणसाच्या हाती सॅम्पल द्यायचं आणि वर "दोनच" म्हणायचं! हलवायाला सांगावं की कढई तापव आणि एकच जिलबी काढ, त्यातला प्रकार.

आठ दिवसांनी गेलो, तर दुकानाचं छत दिसेना. पन्नासेक इरली लटकत होती. पानांच्या जागी हिरवं रेक्झिन, कामट्यांच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी, टोकाला सोनेरी झालर. विठ्ठलवाडीच्या एका दाताच्या डॉक्टरने चार नेली होती, एका ब्युटी पार्लरने सहा, आणि लग्नाच्या हॉलवाला रोज निरोप धाडत होता.

"शेठ, मैंने दो बोला था."

"दो तो पहले घंटे में गया, बाबा."

"आणि माझं सॅम्पल?"

शेठने टेबलाखालून एक खोका काढला. त्यात आत्याचा दिवा होता. पानं एकीकडे, कामट्या एकीकडे, शिवणीची दोरी गुंडाळून तिसरीकडे. "खोले बगैर कटिंग कैसे निकालेगा?" शेठ म्हणाला.

काय करतो? रेक्झिनचा एक दिवा घेतला, झालर ओरबाडून काढली आणि घरी जाऊन आत्याच्या ओटीवर टांगला. आत्याने दोनदा हुंगून पाहिलं. "हरी, ह्याला नव्या चपलेचा वास येतो रं."

"नवीन वायरचा आहे," मी म्हणालो.

रविवारी अंजनी आली. तिने वर पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. मग हात उंचावून दिव्याला बोट लावलं.

"हरी, हा कुठला?"

"उल्हासनगरात मिळाला," मी शक्य तितक्या दुःखी आवाजात म्हणालो. "मलाही धक्काच बसला. तिथे म्हणे दोन वर्षं मिळतोय. दिल्लीचा माल. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं होतं, ती भांडेल, निदान खोटं ठरवेल. ती पायरीवर बसली आणि चष्मा पुसत राहिली. "मग मी हा देऊ शकत नाही," ती म्हणाली. "परीक्षा दहा दिवसांवर आलीय. दुसरं काही होणारही नाही. वर्ष जाईल माझं. पण आधीच कुणीतरी केलेलं मी माझं म्हणून कसं देऊ? मी सरांना सांगते."

या क्षणी सज्जन माणसाने तोंड उघडलं असतं. पण मी स्वतःला म्हटलं, हरिचंद्रा, थोडी कळ काढ, तुझा पहिला नंबर येतोय.

सबनीस सर अंबरनाथ पश्चिमेलाच राहायचे. अंजनीने त्यांचं घर गाठलं आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असं कसं मिळतंय? डोळ्यांनी बघू," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सर, अंजनी आणि मी उल्हासनगरला निघालो. सखूआत्याही निघाली. "मना माजा दिवा पायजे. ह्यो माजा नय," ती म्हणाली. तिला थांबवायची गावात कुणाची टाप नव्हती, माझी कुठून असणार?

दुकानात शिरताच सरांनी छताकडे पाहिलं. अंजनीने मान खाली घातली. आत्याची नजर टेबलाखालच्या उघड्या खोक्याकडे गेली आणि आपली पानं ओळखून ती तिथेच उकिडवी बसली.

"शेठजी," सरांनी विचारलं, "हा माल कुठून येतो?"

मी सरांच्या मागे उभा राहून घसा खाकरला. ओठांनी 'दिल्ली' म्हणालो. शेठने माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि गादीवरून उठून उभा राहिला.

"साहब, झूठ नहीं बोलूँगा. इस लड़के ने कहा था, दिल्ली बोलो. लेकिन तीस साल से इस गादी पर बैठा हूँ. वो झुंबर देखते हो? कॉपी. ये लॅम्प? कॉपी. मेरी दुकान का बोर्ड भी बाजूवाले की कॉपी है. ज़िंदगी में पहली बार ऐसी चीज़ आई जो किसी के पास नहीं थी. इसको भी दिल्ली का बोलूँ? मेरे को शरम नहीं आएगी?"

सगळे माझ्याकडे वळले. मी छतावरची इरली मोजायला लागलो.

"हे सॅम्पल तू आणून दिलंस?" सर म्हणाले.

"हो सर."

"आणि नाव घेऊ नका, असं सांगितलंस?"

"हो सर."

सरांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. मी डोळे मिटले. आता कॉलेजातून काढणार, कळल्यावर बाबा घरातून काढणार.

"वर्गमैत्रिणीच्या कामाला बाजार मिळावा म्हणून तू दारोदार फिरलास," सर म्हणाले, "आणि श्रेयही घ्यायचं नव्हतं तुला. दिल्लीचं खोटं नाव पुढे केलंस. हरिचंद्र, मी तुला ओळखलंच नाही रे."

अंजनी रडत होती. "मला कळू नये म्हणून घरीसुद्धा खोटं बोललास तू," ती म्हणाली. हे वाक्य तर शंभर टक्के खरं होतं! मी मान खाली घालून उभा राहिलो. तोही माझा विनय ठरला.

तेवढ्यात शेठने विचारलं, "बेटी, असली पत्तेवाला माल देगी? हॉलवाला असलीच माँगता है." तिथल्या तिथे ऑर्डर ठरली. बनवणार सखूआत्या आणि आमच्या आळीतल्या बायका, डिझाइन अंजनीचं. आत्याने खोका काखोटीला मारला आणि जाता जाता माझ्या कानाशी आली.

"वायर बदलतंस काय रं, गुलामा?" ती म्हणाली. "मी कोनला नय सांगत. पन पानं तू आननार. रोज."

परीक्षकांनी अंजनीच्या फाइलमध्ये शेठची ऑर्डर पाहिली आणि विषय संपला. ती पहिली आली, नोकरीही तिला मिळाली. सरांनी मला भर वर्गात उभं करून माझ्या मनाच्या मोठेपणावर दहा मिनिटं भाषण केलं. टाळ्या वाजल्या. चार वर्षांत माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्याही तिच्या दिव्यापायी. मला पास क्लास मिळाला. बाबा म्हणाले, सोमवारपासून कंपनीत.

रविवारी मी शेवटचा उपाय केला. माझी खुर्ची खांद्यावर टाकली आणि लीलारामशेठचं दुकान गाठलं. शेठने खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या. बसला. घसरला. उठून धोतर सारखं केलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

चहा संपला. मीच म्हणालो, "सॅम्पल छोड़ के जाऊँ, शेठ?"

"नहीं बेटा," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "ले जाओ. जगह रोकेगी."

ती खुर्ची आजही आमच्या अंगणात आहे. कोंबड्या तिच्यावर बसत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. उल्हासनगरात अजून तिची एकही नक्कल निघालेली नाही. आता सांगा, सबंध बाजारात कुणाकडे आहे का असला अस्सल माल?