सरकारी चैत्राचे दहा दिवस

समुद्रपूरकडच्या त्या गावात नाना मास्तरांचा गहू खळ्यावर उघडा पडला होता, आभाळ भरून येत होते आणि नाना शाळेच्या फळ्यावर इतिहास लिहीत होते. तारीख २२ मार्च १९५७, वार शुक्रवार.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवरचा तो फळा म्हणजे नानांचा जीव की प्राण. रोज सकाळी त्यावर 'आजचा दिनविशेष' लिहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, हा त्यांचा नेम. कोणता राजा कधी घोड्यावरून पडला याचे गावाला काडीचे सोयरसुतक नव्हते. पण मास्तरांना नाही कसे म्हणावे, म्हणून लोक दोन मिनिटे थांबत.

त्या दिवशी मात्र नानांच्या हाती घबाडच लागले होते. "आजपासून सरकारचं नवं राष्ट्रीय पंचांग सुरू! आज एक चैत्र!" त्यांनी वाचून दाखवले आणि उत्साहाच्या भरात जोडही दिली, "तिकडं रोममधे तं १५८२ साली लोक चार ऑक्टोबरले झोपले अन् उठले थेट पंधराले. मधले दहा दिवस उडवूनच टाकले!"

बैल घेऊन चाललेला लहानू थांबला. लहानू नानांचा सालदार, म्हणजे एका गुढीपाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत वर्षभर कामाला बांधलेला गडी. खरा पाडवा अजून दहा दिवसांवर होता.

"गुरुजी, आज चैत्र एक म्हंता?"

"आजच."

"सरकारनं सांगतलं?"

"दिल्लीच्या सरकारनं!" नाना कौतुकाने म्हणाले. इतक्या आवडीने फळ्याविषयी विचारणारा माणूस त्यांना बारा वर्षांत भेटला नव्हता.

लहानूने बैल नेऊन गोठ्यात बांधले, वैरण टाकली आणि तो घरी निघून गेला. दुपारपर्यंत गावातले सगळे सालदार मारुतीच्या पारावर येऊन बसले. साल सरले होते.

संध्याकाळी बबनराव पाटील तणतणत नानांच्या अंगणात आले. मागोमाग सालदारही आले.

"नाना, काऊन लिहिलं हे? माह्या खळ्यावर एक माणूस नाई!"

"अरे, तो चैत्र कागदपत्रापुरता आहे," नाना सालदारांना समजावू लागले.

"म्हंजे सरकारचं खोटं हाय?" लहानूने शांतपणे विचारले.

 नानांची सरकारी शाळेत नोकरी, पुढच्या आठवड्यात तपासणी. चारचौघांत सरकार खोटे म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

"बरं बाप्पा, आज पाडवा तं पाडवा," बबनरावांनी पवित्रा बदलला. "मंग नवं साल आजच धरा. चला कामाले!"

"गुढी कुठं हाय, पाटील? गुढी उभारल्याबिगर साल ठरलं का कधी?"

"गुढी पंचांगानं! एक एप्रिलले!"

"मंग नवं साल तवाच ठरन."

जुने साल सरकारच्या पंचांगाने संपले होते आणि नवे जुन्या पंचांगाने सुरू होणार होते. मधले दहा दिवस कोणाचेच नव्हते. नानांना मनातून हा हिशोब इतका बिनचूक वाटला की लहानू आपल्या शाळेत असता तर त्याला पहिला नंबर दिला असता. पण गहू आपला होता. दुसऱ्या दिवशी लहानू बायकोला घेऊन गिरडला फरीदबाबांच्या दर्शनाला गेला आणि तिथून परस्पर लेकीकडे.

शाळा सुटली की नाना खळ्यावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी बैलांच्या तोंडाला मुसकी बांधायचे राहिले, तेव्हा मळलेल्यापेक्षा खाल्लेलाच गहू जास्त भरला. दुसऱ्या दिवशी बैल उजवीकडे आणि नाना डावीकडे फिरत राहिले. नानांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, सूप आपटले.

"मेलेल्या राजायचे दिवस लिहा अजून! पाऊस आला तं वर्षभर काय फळा खाता जी?"

नानांना रडू यायचे तेवढे बाकी होते. तरी सातव्या दिवशी शेवटचे पोते घरात पडले आणि तासाभरात गारा कोसळल्या. नाना दारात उभे राहून फोड आलेले तळहात पाहत होते. इतका आनंद त्यांना कोणत्याच दिनविशेषाने दिला नव्हता.

पाडव्याला लहानू हजर झाला. साल धरायला तयार होता, पण एक अट होती. "या पाडव्यापासून सरकारी चैत्रापर्यंत. तसं लिहा." नानांनी मुकाट्याने लिहिले.

पुढच्या वर्षीचे पंचांग आले आणि नाना उडालेच. पाडवा २१ मार्चला, सरकारी चैत्र २२ ला! म्हणजे पाडव्याच्या दिवशीही लहानू आपल्याच कामाला बांधलेला. वर्षभरात नाना पहिल्यांदा खदखदून हसले. पाडव्याला सारे गाव गुढ्या उभारून, पारावर बसून नवी साले ठरवत होते आणि लहानू निमूटपणे नानांचा गोठा सारवत होता. नानांनी त्याला दोनदा उगीचच गोठा झाडायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साल ठरवायला नाना ऐटीत लहानूच्या घरी गेले. दारात बबनराव आधीच बाजेवर बसले होते.

"माहा गडी जाम गावाले हाटेलात कामाले लागला," बबनराव म्हणाले. "काल पारावर पाह्यलं तं एकबी माणूस उरला नाई."

"काल सारे मोकळे होते तवा मी बांधला होतो," लहानू म्हणाला. "आज सारे बांधले, मी एकटा मोकळा."

"सालात दहा दिवस सुटी देतो तुले," बबनराव म्हणाले.

"मी बारा!" नाना ओरडले.

"तेरा."

"पंधरा!"

बबनराव उठून गेले. नानांनी घाम पुसला, कागद काढला आणि पंधरा दिवस लिहून सही केली. मग त्यांना एकदम धसका बसला.

"लहानू, ही सुटी तू घेशील कधी?"

"गव्हाच्या मळनीले," लहानू म्हणाला. "आता तुमाले येते ना, गुरुजी."