काढता-घालता येणारी मांडणी

रिटायर झाल्यावर दिनानाथ मेहेरने पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुनी व्हॅन घेतली. दुसरी गोष्ट केली ती म्हणजे त्या व्हॅनमधून कुठेही जाता येणार नाही अशी चोख व्यवस्था केली. पहिली गोष्ट त्याने जाणूनबुजून केली. दुसरीबद्दल सातपाटीच्या कोळीवाड्यात अजून दोन मतं आहेत.

व्हॅनच्या मागे एकतीस वर्षांचं थकलेलं वचन होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दिनानाथने बायकोला, जमनाला, वेरूळची लेणी दाखवायचं कबूल केलं होतं. जमना सातपाटीचीच लेक आणि सातपाटीचीच सून. लेण्यांचं तिला फारसं काही नव्हतं. "दर्याची गाज ऐकू येत नाय अशा जागी येकदा झोपायचं हाय," एवढंच तिचं मागणं. पण कधी तारापूरच्या कारखान्यात शटडाऊन निघालं, कधी सासू अंथरुणाला खिळली, कधी घरावरचे पत्रे उडाले, कधी करोना आला. शेवटी जमनाने विचारायचंच सोडून दिलं. बायकोने विचारायचं सोडलं की नवऱ्याने घाबरावं, हे दिनानाथला कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही वेरूळ न झाल्याचं वाईट वाटायचं. तो दर वर्षी मनापासून वाईट वाटून घ्यायचा आणि पुढच्या वर्षावर ढकलायचा.

आता मात्र सबब उरली नव्हती. शिमग्याला बोटी बंदराला लागल्या की आठवडाभर मासळी नाही, म्हणजे जमनाला मासळी विकायला पालघरच्या बाजाराला जाणं नाही. होळीनंतरच्या सोमवारी निघायचं, असं दिनानाथने जाहीर केलं. पुतण्या विक्रमने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले होते. लोक गाडीतच गादी टाकतात, शेगडी ठेवतात, डबे-कपड्यांना मांडणी करतात. गादी होती, शेगडी होती. मांडणी तेवढी हवी होती.

"पण काढता येणारी पायजे," दिनानाथ म्हणाला. "एरवी गाडीत तुझे मासळीचे टप जाणार. फिरायला जाताना मांडणी घालायची, आल्यावर काढायची. पाच मिनटांत."

"आधी जाऊ तरी," जमना म्हणाली.

"जे बसवलं ते काढता आलं पायजे. कारखान्यात चौतीस वर्षं हेच केलं मी."

जमना बोंबील निवडत राहिली.

काम गेलं आत्मारामकडे. आत्माराम दिनानाथचा शाळूसोबती आणि गावातला नावाजलेला बोट बांधणारा सुतार. नावाजलेला होता, असं म्हणायला हवं, कारण गावाने फायबरच्या बोटी घेतल्यापासून तीन वर्षं त्याच्याकडे नवी बोट आली नव्हती. तो रोज सकाळी हत्यारं बाहेर काढायचा, त्यांना तेल लावायचा आणि परत ठेवून द्यायचा. घरात दुखणाईत माणूस असावं तशी त्या हत्यारांची सेवा चालली होती. एका बोटीसाठी आणलेल्या फळ्याही पडवीत तशाच पडून होत्या. त्या वाळून खडखडीत झाल्या होत्या.

"काढता येणारी?" आत्मारामने दोनदा विचारलं. "दिना, मी जल्मात सुटी वस्तू केली नाय. दर्यात सुटलं ते बुडलं."

"ही दर्यात जाणार नाय. वेरूळला जाणार हाय."

"तू जाणार?" आत्मारामने विचारलं आणि मग जीभ चावली.

आठ दिवस आत्माराम जेवणखाण विसरून राबला. एका मांडणीत त्याने तीन वर्षांच्या न झालेल्या बोटी ओतल्या. एकही खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. सांध्यांत कापूस ठासून वर राळ. व्हॅनच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना मांडणी अशी अंगाबरोबर बसली की मध्ये पोस्टकार्ड जाईना. "खडखडली नाय पायजे" असं दिनानाथनेच सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी चाचणी झाली. दिनानाथने मनगटावरचं घड्याळ बघत मांडणी मागच्या दारातून आत सरकवली, दोन पाचरी ठोकल्या, पाचरी काढल्या, मांडणी बाहेर घेतली. चार मिनिटं दहा सेकंद. त्याचा चेहरा असा फुलला की शेजारच्या बायका बघत राहिल्या. मग त्याने ती पुन्हा आत घातली आणि समाधानाने झोपायला गेला.

रविवारी सकाळी व्हॅनच्या मागच्या दारातून पाणी ठिबकत होतं. मांडणीवर ओली गोणपाटं टाकलेली होती आणि शेजारी आत्माराम रिकामी कळशी घेऊन उभा होता.

"हे काय केलंस?"

"पाणी पाजलं," आत्माराम इकडेतिकडे बघत म्हणाला. "नव्या बोटीला पाजतात. फळ्या फुगतात, सांधे मिटतात."

"ही बोट हाय का, आत्माराम?"

"बोट नाय, ते मला ठाऊक हाय," आत्माराम पडेल आवाजात म्हणाला. "रोज ठाऊक असतं."

दिनानाथने पाचरी काढून मांडणी ओढली. ती हलली नाही. त्याने पाय लावून ओढली. विक्रमला बोलावलं, विक्रमने चार खलाशी बोलावले. तीन वर्षं तहानलेल्या त्या फळ्या दहा कळश्या पाणी पिऊन टम्म झाल्या होत्या. खलाशांनी बोटीचा दोर बांधला आणि बोट किनाऱ्यावर ओढतात तसे आरोळ्या देत ओढू लागले. तिसऱ्या आरोळीला यश आलं. मांडणी जागच्या जागी राहिली आणि हँडब्रेक लावलेली व्हॅन दहा फूट मागे आली. खलाशांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. ओढलेली वस्तू आली, त्यांचं काम झालं.

मंगळवारी दिनानाथ व्हॅन घेऊन बोईसरला गेला. तिथल्या गॅरेजवाल्याने आत डोकं घातलं, मांडणीवर टिचकी मारली, चारी बाजूंनी हात फिरवला.

"अंकल, किसने बनाया? एकदम कड़क काम है."

"निकलेगा क्या?"

"ये नहीं निकलेगा," तो आदराने म्हणाला. "बोलो तो इसके ऊपर से गाड़ी निकाल दूँ?"

दिनानाथ मान खाली घालून परतला. मग आत्मारामनेच उपाय सुचवला: जे फुगलं ते वाळवायचं. गावात वाळवायची जागा एकच. बोंबील टांगलेल्या बांबूंच्या दोन रांगांमध्ये व्हॅन सगळी दारं उघडून उभी केली. दिवसभर उन्हाने लाकूड वाळायचं आणि संध्याकाळी खारा वारा सगळी ओल परत आणून द्यायचा. चार दिवसांत मांडणी केसभरही आक्रसली नाही. बोंबलाचा वास तेवढा गादीच्या कापसापर्यंत पोचला. एका मांजरीने खालच्या खणात तीन पिल्लं घातली आणि दिनानाथ जवळ गेला की ती त्याच्यावरच गुरगुरू लागली.

"काकी, मांजरीला तरी उपयोग झाला," विक्रम म्हणाला. जमना हसली नाही. तिने टप उचलले आणि नेहमीच्या टेम्पोत जाऊन बसली.

होळी पेटली, विझली. रविवारी दुपारी दिनानाथने मांजरीचा संसार टोपलीत भरून पडवीत हलवला. दोन ओरखडे चोळत तो जमनाजवळ बसला आणि घसा साफ केला.

"जमना, यंदा राहू दे. मांडणी निघत नाय, कसं जाणार?"

"मांडणी आत असली म्हणजे जाता येत नाय?"

"जाता येतं. पण आल्यावर टप कुठं ठेवायचे? आधी ती काढून घेऊ. पुढच्या शिमग्याला नक्की."

हे बोलताना त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी त्याला हलकंही वाटलं. नाइट शिफ्ट रद्द झाल्यावर वाटायचं तसंच. ते लक्षात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज झाकायला तो उठून कुऱ्हाड घेऊन आला.

"फोडूनच टाकतो. निघंल कशी नाय!"

ओट्याच्या पायरीवर आत्माराम बसला होता. कुऱ्हाड बघून तो उभा राहिला. "फोड, दिना. तुझी वस्तू. फक्त मला घरी जाऊ दे, मग फोड."

"कुऱ्हाड ठेवा," जमना आतून म्हणाली. ती बाहेर आली. "त्याला कशाला रडवता? पाणी मी पाजायला लावलं."

दिनानाथने आत्मारामकडे पाहिलं. आत्माराम पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. "मी नको म्हणत होतो," तो पुटपुटला. "वहिनी म्हणाल्या, दहा कळश्या. मोजून."

"पण का?"

"शनवारी चार मिनटांत मांडणी भायेर काढलीत, तवा तुमचं तोंड बघितलं मी," जमना म्हणाली. "येकतीस वर्षांत तुमी येवढे खूश झाला नव्हता. मला कळलं. ती येकदा निघाली की परत आत जायची नाय, गाडीत टपच बसायचे. तुमाला वेरूळ नको हाय. तुमाला भीती वाटते घर सोडायची. वाटू दे. पण माझे गुडघे आता पुढच्या शिमग्याची वाट बघणार नाय."

"आणि धंदा? टप?"

"टेम्पो हाय. इतकी वर्षं मी काय व्हॅनमधून जात होते?"

चौतीस वर्षं यंत्रं उघडून आतला बिघाड शोधणारा माणूस, आणि बायकोने त्याला चार वाक्यांत उघडून ठेवलं होतं. दिनानाथने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. रागवावं असं त्याच्या मनात आलं, पण राग येण्याऐवजी रडू येईल असं वाटल्याने त्याने तो बेत सोडला.

सोमवारी सकाळी व्हॅन निघाली. आत्माराम गल्लीच्या टोकापर्यंत मागे चालत आला. पालघर गेलं, घाटातली वळणं गेली, खड्डे गेले. मांडणीतला एक डबा वाजला नाही. वास मात्र गाडीच्या आधी पोचत होता. मनोरच्या नाक्यावर हवालदाराने व्हॅन थांबवली आणि नाक धरून लगेच जायला सांगितलं.

हायवेच्या पुलाखाली आल्यावर दिनानाथने गाडी कडेला घेतली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की एवढ्या दिवसांत त्याने मांडणीचं माप मिलिमीटरमध्ये काढलं होतं, पण वेरूळचा रस्ता कुठून जातो हे एकदाही बघितलं नव्हतं. फोन काढायला त्याने खिशात हात घातला.

"सरळ," जमना म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"सरळ विक्रमगड. मग जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक. नाशकातून निफाड, निफाडवरून येवला." ती समोर बघत एका दमात म्हणाली. "सुकी मासळी न्यायला नाशिकचे व्यापारी येतात. त्यांना इचारून पाठ केलाय. वीस वर्षं झाली."

दिनानाथचा हात खिशातच राहिला. "आणि येवल्याच्या पुढं?" त्याने हळूच विचारलं.

"पुढचं नवसीनं पाठ केलं होतं. आमी दोघींनी अर्धा अर्धा वाटून घेतला होता."

नवसी बाजारात सत्तावीस वर्षं जमनाच्या शेजारी बसायची. गेल्या भाद्रपदात ती गेली, तेव्हा दिनानाथ खांदा द्यायला गेला होता. ती वेरूळला यायची होती, हे त्याला आज कळत होतं.

मागून एका ट्रकने हॉर्न दिला. दिनानाथने डोळे पुसले आणि गिअर टाकला.

"येवल्याला कुणाला तरी इचारू," तो म्हणाला, आणि त्याने गाडी सरळ घेतली.