लटारूभाऊंची तब्येत

मी लिहायला बसलोय खरा, पण तेवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शब्द कमीजास्त झाला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

नागभीडकडच्या आमच्या गावात लटारूभाऊंना कोणी "कसं हाय?" विचारलं, तर ते कधी बरं म्हणत नसत. साठीतला माणूस, खांद्यावर ओलं जाळं घेऊन तलावाची पाळ पोरासारखा चढायचा आणि सांगायचा, "काही खरं नाई बापा. आजचा दिवस हाय, उद्याचं मालूम नाई." चांगलं म्हटलं की नजर लागते, हा त्यांचा सिद्धांत. त्यांचं धानही दरवर्षी बुडायचं; घरात पोती ठेवायला जागा नसायची.

त्या वर्षी मच्छीमार संस्थेनं कोणाला न विचारता सगळ्या सभासदांचा बायकोसकट आरोग्य विमा काढला. हप्ता मासोळीच्या पैशातून कापला. लटारूभाऊंनी विम्याचा कागद माझ्याकडून वाचून घेतला. लटारू, तब्येत उत्तम. शेवंता, तब्येत उत्तम.

ते मटकन खाली बसले. "कोनं लिवलं हे? मले पुसलं काय?"

"सगळ्यायचं असंच हाय, भाऊ."

"बोललेलं हवेत जाते, बाबू. हे तं छापून ठेवलं."

विमा रद्द करून हप्ता परत द्यावा, असा अर्ज मी लिहिला. चारदा फाडून पाचव्यांदा लिहिला. संस्थेचे सचिव म्हणाले, पैसे मिळतील. पण पंधरा दिवसांच्या आत दोघांच्याही नावापुढं लिहून द्या, की आजारी पडलो नाही, तब्येत उत्तम आहे.

"म्हंजे उत्तम खोडाले अखीन उत्तम लिवाचं?"

"बिमार असान तं पैसे नाई, भाऊ. साजरे असान तं सही करा." सचिवांनी कोरा फॉर्म माझ्या हातात दिला.

माझ्या अर्जानं त्यांना आणखीच अडकवलं, असं मला वाटू लागलं. ते रोज संध्याकाळी येत. "दुसरा काही रस्ता हाय काय?" शेवंताबाई हसायच्या, "यायले कधी सर्दी नाई झाली. आता कागदाच्या धाकानं ताप येईन."

तीन दिवस उरले आणि माझं कॉलेज सुरू झालं. निघताना लटारूभाऊ बसस्टँडवर आले. हळूच म्हणाले, "मागच्या साली ही चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आली. मी एका पाव्हन्यापाशी बोलून गेलो, आता साजरी झाली म्हनून. आठ रोजात पुन्हा भरती कराव लागली."

कोरा फॉर्म त्यांच्या हातात ठेवून मी बसमध्ये चढलो. होस्टेलवर पुस्तक उघडलं की तो फॉर्मच दिसायचा.

महिनाभरानं बाबा तांदूळ घेऊन आले. मी आधी तेच विचारलं.

"आले पैसे. पर अर्धेच."

शेवंताबाईंचा हप्ता त्यांनी सोडून दिला होता. सचिवांच्या टेबलापुढं दिवसभर बसून बायकोच्या नावापुढचं 'उत्तम' खोडायला लावलं, 'बेताची' लिहून घेतलं आणि त्यावर शिक्का मारून घेतला.

"आन् सोताच्या नावापुढं?"

"सोताच्या हातानं लिवलं, उत्तम. एक एक अक्षर सचिवाले पुसत." बाबांनी पोतं कोपऱ्यात सरकवलं. "नजर लागाची असन तं मले लागू दे, म्हने."