पिराजीचं हिरवं पान

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा खिडक्या जास्त होत्या. प्रत्येक खिडकीमागे कोणीतरी डुलक्या घेत असे आणि प्रत्येक खिडकीपुढे कोणीतरी ताटकळत असे. म्हणजे राज्य अगदी सुरळीत चाललं होतं.

या जंगलात पिराजी नावाचा मुंगूस राहायचा. मूळचा नदीपलीकडच्या माळावरचा. जंगलात साप फार झाले, तेव्हा सिंहमहाराजांनीच मुंगसांना बोलावून घेतलं होतं. पिराजीने मन लावून साप मारले. महाराज खूश झाले आणि त्यांनी त्याला पळसाचं एक पान दिलं. पानावर लिहिलं होतं, 'कायम रहिवासी'.

आता पान म्हटलं की ते वाळणार. म्हणून दर काही वर्षांनी नवं करून घ्यावं लागे.

"कायमचं आहे ना? मग नवं कशाला?" पिराजीने खिडकीतल्या घोरपडबाईंना विचारलं.

"कायम नवं करत राहायचं, म्हणून कायमचं," बाई म्हणाल्या.

पिराजीला ते पटलं. बघा, किती सरळ मनाचा होता!

त्याची बायको सावळी मात्र तशी नव्हती. तिने परीक्षा दिली, शपथ घेतली आणि ती जंगलाची नागरिक झाली. नागरिकाच्या पाठीवर महाराज स्वतः पंजा उमटवत. तो पावसात जात नसे, उन्हात वाळत नसे.

"अहो, तुम्हीही घ्या ना एकदाचा पंजा," ती म्हणे.

"शपथेत काय म्हणायचं असतं, ठाऊक आहे ना? 'माझा दुसरा कुठलाही माळ नाही.' आई आहे गं माझी तिथे! कुठल्या तोंडाने म्हणू?"

"मी म्हटलं की. माळ काय जिभेवर असतो? तसं असतं तर मी अजून रोज माळावरचे हुलगे कशाला शिजवले असते?"

पिराजी हुलगे खाई आणि विषय बदली.

एके दिवशी पान पुन्हा वाळलं. पिराजी खिडकीशी गेला. घोरपडबाईंनी अर्ज असा घट्ट धरला की तो सुटेचना.

"नवं पान कधी मिळेल?"

"आलं की."

"आणि तोवर?"

बाईंनी वाळक्या पानावर डिंकाने एक चिठ्ठी चिकटवली. 'सदर पान वाळलेले असले तरी हिरवे समजावे.'

त्याच संध्याकाळी माळावरून पारवा निरोप घेऊन आला. पिराजीला वाटलं, आई आजारी पडली.

"आई बरी आहे," पारवा म्हणाला. "तिचं लग्न आहे. लवकर ये म्हणालीय."

पिराजी मटकन खालीच बसला. मग उठला आणि पान बगलेत मारून धावत सुटला.

माळावर हलगी कडाडत होती. नवरदेव टेकडीपलीकडचा एक विधुर मुंगूस होता. मिशा पांढऱ्या, पण नाचायला सगळ्यांच्या पुढे. भागाई, म्हणजे पिराजीची आई, हळदीने पिवळीधम्मक झाली होती. तिने लेकाला मिठी मारली, तोही पिवळा झाला. बगलेतलं पानही पिवळं झालं.

"आई, मग आपलं बीळ?" पिराजीने हळूच विचारलं.

"ते सोडलं. आता टेकडीपलीकडे राहणार."

"सोडलंस? अगं, त्या बिळासाठी मी आजवर शपथ घेतली नाही!"

"मला विचारलंस का?" भागाई म्हणाली. "मला वाटलं, तिकडे परीक्षेत नापास होतोयस. लाजेने कुणाला बोलले नाही हो मी! चल, नाच आता."

पिराजीला आधी रडू आलं. मग हसू आलं. मग तो इतका नाचला, इतका नाचला, की पानावरची चिठ्ठी कुठे उडाली ते त्याला कळलंच नाही.

परतीच्या वाटेवर नदीवर एक ओंडका टाकलेला होता. पलीकडच्या टोकाला पहाऱ्यावर रानडुक्कर.

"पान पिवळं आहे," डुक्कर म्हणालं.

"हिरवं समजावं, अशी चिठ्ठी होती त्यावर."

"कुठाय?"

चिठ्ठी नव्हती. पिराजी मागे वळला, तर माळाकडच्या टोकाला पहाऱ्यावर टिटवी उभी.

"आत्ताच बाहेर गेलात ना?" टिटवी ओरडली. "आता आत यायचं तर पहिल्यापासून सगळं!"

झालं. पिराजी ओंडक्याच्या मधोमध बसला. खालून मासे जात होते. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

शेवटी सावळीला कळलं. ती तरातरा आली, पाठीवरचा पंजा दाखवला आणि म्हणाली, "हा माझा नवरा."

"पुरावा?" डुक्कर म्हणालं.

सावळीने नवऱ्याकडे पाहिलं. "एक चिठ्ठी सांभाळता आली नाही तुम्हाला?"

"तू लग्नाला आली असतीस तर तूच सांभाळली असतीस!"

"मला बोलावलं कुणी? पारवा येतो काय, तुम्ही पळता काय! घोटभर पाण्यालाही थांबला नाहीत!"

"तुझ्याच मावशीच्या वेळी तू..."

"मावशीचं नाव काढायचं नाही!"

मावशीवरून गाडी दिरावर गेली, दिरावरून हुलग्यांतल्या मिठावर आली. डुकराने कान पाडले.

"जा रे बाबांनो," ते कळवळून म्हणालं. "इतकं खरं भांडण कुणाला बनवता येत नाही."

पिराजीने दुसऱ्याच दिवशी परीक्षा दिली. शपथेतल्या त्या वाक्याला आवाज किंचित कापला, पण वाक्य पार पडलं. महाराजांनी पाठीवर पंजा उमटवला. तेवढ्यात घोरपडबाई धापा टाकत आल्या.

"अभिनंदन! तुमचं नवं पान आलं!"

"आता नको."

"नको असेल तर परत करायचा अर्ज भरा. खिडकी उद्या उघडेल."

पण पिराजी थांबला नाही. सावळीला घेऊन तो आईला भेटायला निघाला. ओंडक्याच्या टोकाला टिटवीने दोघांना अडवलं.

"परके झालात. आता तुम्हाला 'आजन्म पाहुणे' पान घ्यावं लागेल. येण्याचं कारण?"

"आई."

"मुक्काम किती?"

"ती हाकलून देईपर्यंत," पिराजी म्हणाला, आणि खुशाल रांगेत उभा राहिला.

तात्पर्य : कायमच्या वस्तूंची मुदत अधूनमधून तपासत जावी. नवरा-बायकोने भांडणाचा सराव मुळीच सोडू नये. आणि आईसाठी मोठा त्याग करायचा असेल, तर तिचं दुसरं लग्न ठरण्याआधी तो उरकून घ्यावा.